रुसलेलं मशीन

"मशीन रुसलंय," आबा म्हणाले.

दसऱ्याची सकाळ होती. दुकानाच्या दाराला झेंडूचं तोरण होतं, उंबऱ्यावर कालचं हळदकुंकू होतं आणि टेबलाशेजारी पाटावर कॉम्प्युटरचा उभा डबा गळ्यात हार घालून बसला होता. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, पडद्यावर अक्षरं यायची, मला वाटायचं चाललं एकदाचं. तेवढ्यात आतून पीं पीं पीं असा आवाज यायचा आणि सगळं काळं. उठल्यापासून हेच चाललं होतं.

"मशीन रुसत नसतं, आबा," मी म्हणाले. "बिघडतं."

"कुणामुळं बिघडलं, ते मी सणाच्या दिवशी बोलणार न्हाई," ते म्हणाले, आणि लगेच बोललेच. "काल खंडेनवमी. पूजा झाली की मशीनला हात लावायचा न्हाई, हे काय आज ठरलंय? माझा ट्रॅक्टर कालपास्नं शेडात उभा हाय. आक्कानं शिलाई मशीनवर फडकं टाकलंय. आन् तू संध्याकाळी ह्याच्यापुढं बसून खुशाल काम केलंस. आन् ते बी..."

पुढचं त्यांनी गिळलं. मी सोडलं नाही.

"ते बी काय?"

"कळतंय तुला."

कळत होतं. आबा म्हणजे माझे थोरले दीर. माझा नवरा हणमंत जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. विट्यात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या खोलीत त्यानं 'सुयोग ग्राफिक्स' काढलं होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे बोर्ड, जे येईल ते. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, ही आता कुलूप लावून माहेरी इस्लामपूरला जाईल. मी कुलूप लावलं नाही. मजकूर आधीपासून मीच जुळवत होते, आता दुकानही मीच चालवायला लागले. खोली मात्र घरची, म्हणजे आबांची, आणि आबांच्या पोराला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. आबा वाईट नव्हते. माझ्या वाटणीची ज्वारी ते स्वतः खांद्यावरून आणून टाकायचे. पण माणूस वाईट नसला म्हणजे त्याचं सगळं ऐकलंच पाहिजे, असं थोडंच आहे!

काल त्या डब्याची पूजा झाली तेव्हा मी बाहेर गल्लीत उभी होते. मशीन माझं, त्याच्यावर पोट माझं, पण पूजेला सवाष्ण लागते म्हणून आत आक्का, म्हणजे माझी जाऊ. "तू जरा बाहेर थांब, पाच मिन्टाचं काम हाय," असं आबांनी दारातच सांगितलं. मी थांबले. आतून घंटी ऐकू आली, नारळ फोडल्याचा आवाज आला, मग आक्का बाहेर आली, माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि माझ्याकडे न बघता घरात गेली. तो तुकडा मी शेजारच्या शेळीला घातला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

पण संध्याकाळी मशीन सुरू केलं ते काही रागानं नाही. निकमकाकूंच्या अस्मिताचं लग्न ठरलं होतं, लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं, पण पहिली पत्रिका त्यांना दसऱ्याच्या मुहूर्तावरच हातात पाहिजे होती. त्यातही मजकुरात 'यांची नात' आधी की 'यांची पुतणी' आधी, यावरून त्यांच्या भावकीत जुंपली होती, आणि तो तंटा मिटून कागद माझ्याकडे आला खंडेनवमीच्या दुपारी. तेव्हा मी संध्याकाळी बसायचं नाही तर कधी बसायचं? बसले. पत्रिका जुळवली, गणपती वर नीट मध्ये आणला, मशीन बंद केलं. तोवर ते सुतासारखं सरळ चालत होतं.

"ऐक शैला," आबा आता समजुतीच्या सुरात आले. "निकमकाकू येत्याल इतक्यात. त्यांचं काम चौकातल्या प्रेसला जाऊ दे. आन् दिवाळी झाली की खोली मोकळी कर. मी काय तुला घालवत न्हाई. घरात राहा, आक्काच्या हाताखाली शिलाई शिक. मी बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, दीर उठला जीवावर. आता मशीननंच सांगितलं."

"मशीननं काय सांगितलंय, ते मी मशीनलाच विचारते," मी म्हणाले.

सांगलीला मेकॅनिकला फोन लावला. त्याच्या तोंडात घास होता. "वहिनी, आज दसरा हाय," तो म्हणाला, जसं काही मी कॅलेंडर बघितलंच नव्हतं. "परवा येतो. तोवर उघडू नका, काहीतरी वरखाली कराल." फोन ठेवला आणि मी हणमंतच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

तेवढ्यात निकमकाकू आल्या. जरीची साडी, हातात पिशवी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दारातच आबांनी त्यांना गाठलं आणि मशीन रुसल्याची सगळी कथा सांगितली. मी आत आहे आणि मला ऐकू येतंय, याची त्यांना फिकीर नव्हती. काकूंचा चेहरा उतरला.

"अगं बाई, शैला," त्या आत येऊन म्हणाल्या, "तुझ्यावर माझा राग न्हाई गं. पण माझ्या घरातलं पहिलं कार्य. पावण्यांनी उद्या काही काढलं तर? चौकातला प्रेसवाला म्हणतोय, आणा, तासाभरात देतो."

"द्या त्याला," मी म्हणाले. "पण आधी इथं बसा. मी हे उघडून बघते. संध्याकाळी लोक सोनं लुटायला निघायच्या आत पत्रिका नाही मिळाली, तर मी स्वतः तुमचा कागद चौकात नेऊन देते आणि पुन्हा कुणाच्या पत्रिकेला हात लावत नाही. मग आबांनी खोली खुशाल घ्यावी."

माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. पण निघालं, आणि आबांनी ते ऐकलं.

"काकू, तुम्ही साक्षीला हाईसा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून दारातच बसले.

मी डब्याच्या गळ्यातला हार काढला.

"हार काढायचा न्हाई," आबा म्हणाले. "पूजेचा हाय."

"मग पूजेच्या जागी ठेवते," म्हणत मी तो हणमंतच्या फोटोला घातला.

डब्याचा बाजूचा पत्रा काढला आणि बटण दाबलं. आतल्या भागाची मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. हणमंत उघडायचा तेव्हा मी शेजारी बसायचे, पण तो बोलत बोलत करायचा आणि मी ऐकायचे कमी, त्याच्याकडे बघायचे जास्त. तरी एक गोष्ट आठवत होती. तो म्हणायचा, आधी डोळ्यांनी बघ, मग कानांनी ऐक, हात सगळ्यात शेवटी. बघितलं. मधल्या चिपवरचा छोटा पंखा गरगर फिरत होता. वरच्या पॉवर सप्लायचाही फिरत होता. पण बाहेरची हवा आत ओढणारा पुढचा मोठा पंखा आणि गरम हवा बाहेर टाकणारा मागचा, दोन्ही ढिम्म. मग पीं पीं पीं, आणि अंधार.

"हे बघा," मी काकूंना म्हणाले. "हे दोन पंखे फिरत नाहीत. पंखे फिरले नाहीत की मशीननं आपलं आपण बंद व्हायचं, असं ह्यांनी त्यात घालून ठेवलं होतं, म्हणजे आत जळायला नको. ते रुसलं नाही. ते जीव वाचवतंय."

"मग बाहेरनं वारा घाल की," आबा दारातून म्हणाले. त्यांना मदत करायची होती की हसायचं होतं, देव जाणे. पण सल्ला अगदीच वेडगळ नव्हता, म्हणून मी टेबलफॅन आणून उघड्या डब्याच्या तोंडाशी लावला. आतल्या वायरी उडाल्या, काकूंचा पदर उडाला, टेबलावरचे नमुने गल्लीत गेले. मशीन पुन्हा तीन शिट्ट्या मारून झोपलं. त्याला वारा नको होता, त्याला स्वतःचे पंखे फिरायला हवे होते.

"झालं?" आबा म्हणाले.

"नाही झालं."

वायर भिंतीतून काढली आणि पेन्सिलीच्या टोकानं मागच्या पंख्याला ढकलून बघितलं. तो हलकेच फिरला आणि थांबला. म्हणजे पंखा ठीक होता, त्याला करंट मिळत नव्हता. मग पुढच्याला ढकललं. तो जागचा हलेना. पेन्सिलीचं टोक मोडलं. 

मी मांडी घालून त्या डब्यासमोर बसून राहिले. पत्रा तापला होता, घाम गळ्यावरून खाली चालला होता. काल संध्याकाळपर्यंत दोघेही फिरत होते. म्हातारी माणसंसुद्धा अशी ठरवून एकाच दिवशी जात नाहीत. दोघं एकदम थांबले म्हणजे दोघांना मिळून काहीतरी झालंय. मी मागच्या पंख्याची वायर बोटानं धरली आणि तिच्या मागोमाग निघाले. ती खाली गेली, पुढे वळली, आणि पुढच्या पंख्याच्या वायरीला एका पांढऱ्या जोडात जाऊन मिळाली. दोघांचा एकच जोड, आणि तो बरोबर खाली, समोरच्या जाळीच्या मागं.

"काकू, बॅटरी धरता का जरा?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली, जरीचा पदर कमरेला खोचला आणि माझ्या शेजारी खाली बसल्या. "कुठं धरू? हितं? अगं, काय तरी चालतंय आत!"

मुंग्या होत्या. तांबड्या, बारीक. जाळीच्या फटीतून आत, जोडावरून पुढच्या पंख्याच्या मधोमध आणि तिथून परत, अशी त्यांची वर्दळ चालली होती, जशी काही आतच कुणाची पंगत बसली होती.

"आता गं बया," काकू म्हणाल्या. "कॉम्प्युटरला मुंग्या?"

मी जोड उपटला. तो सहज सुटेना, चिकटला होता. सुटला तेव्हा आतल्या पिनांवर पांढरट-हिरवा थर दिसला. बोट लावलं तर बोट चिकटलं. मागं चिकटलेला एक तांदळाचा दाणा होता, अक्षतेचा, हळद लागलेला. मी काय करतेय हे मला कळायच्या आत मी ते बोट जिभेला लावलं.

"अगं, विष असंल!" काकू ओरडल्या.

विष नव्हतं. गोड होतं. काल शेळीला घातलेला तुकडा मी खाल्ला असता तर तो असाच लागला असता.

मी मान वर करून आबांकडे बघितलं. "काल नारळ कुठं फोडला?"

"कुठं म्हणजे? मशीनपुढं."

"मशीनपुढं कुठं?"

"हितंच, पाटापुढं, दगड ठेवून. मग काय गल्लीत फोडू?" त्यांचा आवाज चढला. "माझ्या हातचा नारळ एका दणक्यात फुटतो, सगळ्या गावाला म्हाईत हाय."

"फुटला एका दणक्यात," मी म्हणाले. "आणि त्याचं पाणी ह्या जाळीतून आत गेलं. रात्रभर वाळलं, खळ झाली. जोड गंजला, पंखा चिकटला. चाखून बघा, तुमच्याच नारळाची चव आहे."

आबा खुर्चीवरून उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "देवाच्या नारळाला नाव ठेवतीस? आजवर इतके नारळ फोडले मी. ट्रॅक्टर, मोटर, मळणी मशीन. एकदा तरी काही बिघडलं? पाणी पडलं म्हणं! आन् तू संध्याकाळी बसलीस ते काहीच न्हाई?"

"ट्रॅक्टर नारळाचं पाणी पीत नाही, आबा. हा पितो. ह्याला तोंड आहे, खाली, जमिनीलगत. आणि मी संध्याकाळी बसले तेव्हा तो चालत होता. पाणी वाळायचं बाकी होतं."

"आक्का!" त्यांनी गल्लीच्या पलीकडे घराकडे तोंड करून हाक मारली. "आक्का, हिकडं ये!"

आक्का हाताला लागलेलं पीठ पुसत आली. कडाकण्या लाटत होती बिचारी. आबांनी विचारलं, "काल नारळाचं पाणी मशीनात गेलं का? सांग हिला."

आक्का माझ्याकडे बघेना, आबांकडे बघेना. उघड्या डब्याकडे बघत राहिली.

"गेलं व्हतं," ती म्हणाली. "मी फरशी पुसली. जाळीतनं आत गेलेलं दिसलं. म्हटलं, देवाचंच पाणी हाय, काय व्हतंय."

मला वाटलं होतं, खरं कळलं की हायसं वाटेल. हायसं वाटलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घणघणायला लागली, आणि मी ती मोठ्यानं बोलले.

"मी आत असते तर मी लगेच पुसलं असतं. पुढची जाळी काढून, कापूस घालून, आतपर्यंत पुसलं असतं. ह्या मशीनच्या कुठल्या भोकातून काय जातं, हे ह्या घरात मला एकटीला माहीत आहे. आणि नेमकं मलाच तुम्ही बाहेर उभं केलंत."

आक्कानं पदर तोंडाशी नेला. आबा पुन्हा खुर्चीत बसले, पण मघासारखे ऐसपैस नाही.

प्रिंटर पुसायच्या स्पिरिटची बाटली कपाटात होती. जुना टूथब्रश त्यात बुडवून मी जोडाच्या पिना घासल्या. हिरवा थर निघाला, खालचं पितळ दिसलं. मुंग्या फुंकून घालवल्या, त्यातल्या काही माझ्या हाताला डसल्याच. सुकू दिलं, जोडलं, बटण दाबलं.

मागचा पंखा फिरला! काकूंनी टाळी वाजवली. त्यांची टाळी संपेपर्यंत पीं पीं पीं झालं आणि सगळं काळं. पुढचा अजून ढिम्म होता.

"उगी ताणू नको," आबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात दणका नव्हता. "झालं ते झालं. माझ्याकडनं चूक झाली म्हण. परवा मेकॅनिक येऊ दे. काकूंचा मुहूर्त तेवढा चौकात जाऊ दे."

"चूक तुमची आणि काम जाणार माझं?" मी म्हणाले. "मग खोलीही जाणार माझीच का? मघाशी ठरलं तेच ठरलं, आबा. सोनं लुटायला निघायच्या आत. अजून ऊन डोक्यावर आहे."

पुढचा पंखा काढायला समोरचं तोंडच सोडवावं लागलं. स्क्रू घट्ट बसले होते, स्क्रू ड्रायव्हर घसरून अंगठ्याला लागला. काकूंनी बॅटरी दातात धरून माझा अंगठा पदरानं दाबला आणि तोंडातून काहीतरी बोलल्या, ते कळलं नाही. पंखा हातात आला तेव्हा पात्यांवर कुंकवाचा चिकट थर होता आणि मधली फिरकी गुळाच्या ढेपेगत घट्ट झाली होती. गरम पाण्यात फडकं पिळून मी ती पुसत बसले. पुसलं, स्पिरिट लावलं, बोटानं हलवलं. हलली, पण कण्हत हलली. अशा फिरकीनं पंखा फिरणार नव्हता.

"तेल पायजे हिला," दारातून आक्का म्हणाली.

ती अजून तिथंच उभी होती. घरात गेली आणि शिलाई मशीनचं तेल घेऊन आली, ती लांब चोचीची छोटी कुपी. आबांनी तिच्याकडे बघितलं. शिलाई मशीनवर फडकं होतं, आणि त्या दिवशी त्यातलं काहीच बाहेर काढायचं नव्हतं. आक्कानं त्यांच्याकडे बघितलंच नाही. फिरकीवरचा गोल कागद मी नखानं उचलला आणि तिनं नेमका एक थेंब आत सोडला, जसा ती तिच्या मशीनला सोडते.

"आता फिरव," ती म्हणाली. "आधी सावकाश. अंगात भिनू दे."

मी फिरवला. सावकाश, मग जोरात, मग पात्यावर टिचकी मारून. तो फिरत राहिला. माझं बोट निघाल्यावरही फिरत राहिला.

सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला, तो कुठला ते कळेना, तो खिडकीत ठेवून दिला. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पुढचा पंखा एकदा अडखळला, मला वाटलं गेलं सगळं, आणि मग त्यानं वेग घेतला. मागच्यानं घेतला. डब्यातून तो रोजचा घूं असा आवाज यायला लागला, ज्याच्याकडे माझं एरवी लक्षही नसायचं. आम्ही चौघंही त्या आवाजाकडे कान लावून उभे होतो. शिट्टी वाजली नाही. पडदा उजळला तो उजळलेलाच राहिला. अस्मिताची पत्रिका उघडली, गणपती जिथल्या तिथं होता.

मी सोनेरी काठाचं कोरं कार्ड प्रिंटरला लावलं. ते निघायला इतका वेळ लागला की काकू प्रिंटरच्या तोंडाशी हात धरूनच उभ्या राहिल्या. कार्ड बाहेर आलं, गरम. काकूंनी ते डोळ्यांपासून लांब धरून अख्खं वाचलं, नात आणि पुतणी बरोबर क्रमानं आहेत का ते बघितलं आणि मान हलवली.

बाहेर गल्लीत पोरं नवे कपडे घालून निघाली होती. कुणीतरी आपट्याची पानं घेऊन येऊन आबांच्या पाया पडून गेलं.

आता एकच बाकी होतं. आमच्याकडे पहिली पत्रिका गिऱ्हाइकाला कोरी देत नाहीत. दुकानातच तिच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं आणि मग ती गणपतीपुढं जाते. हणमंत असताना तो लावायचा. तो गेल्यावर मी पहिलं कार्ड घेऊन पलीकडे घरात जायचे, आक्का कोपऱ्यांना कुंकू लावायची, आणि मी ते परत आणून गिऱ्हाइकाला द्यायचे. गिऱ्हाईक विचारायचं नाही आणि मी सांगायचे नाही. वर्षभर असंच चाललं होतं.

आबांच्याही ते ध्यानात आलं. त्यांचा जीव भांड्यात पडला असावा, कारण आता सगळं नीट मार्गाला लागल्यासारखे ते उठले. "चांगलं झालं," ते म्हणाले. "शैला, खोलीचं मी पुन्हा काढणार न्हाई. ठरलं ते ठरलं. आक्का, हितं हायसच, लाव कुंकू पत्रिकेला आन् दे काकूंना. येळ व्हायला नको."

कुंकवाचा करंडा कालपासून पाटाजवळच होता. आक्का वाकली.

"आक्का, थांबा," मी म्हणाले. "मी लावते."

आक्का वाकलेली तशीच राहिली. आबांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते ओरडले नाहीत, उलट आवाज खाली आणला. गल्लीत ऐकू जायला नको म्हणून. "शैला. खुळ्यागत करू नको. तुझं मशीन हाय, तू चालीव. कुणी न्हाई म्हणत न्हाई. पण ही दुसऱ्याच्या लेकीची पत्रिका हाय."

"तिच्यातलं एकेक अक्षर मी लावलंय, आबा. 'श्री' मी लावलाय, गणपती मी लावलाय, कुलस्वामिनीचं नाव मी लावलंय. ते चाललं. मग कुंकवाचं बोट तेवढं का चालत नाही? मी ज्या दाराबाहेर उभी होते ना, तिथं आता उभी राहणार नाही. काकूंना नको असेल तर त्यांनी हे कार्ड टाकून द्यावं, चौकात जावं, मी अडवणार नाही. पण ह्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या पत्रिकेला कुंकू लावलं जाईल ते माझ्या हातानं. नाहीतर ती कोरी जाईल."

मी काकूंच्या हातातून कार्ड घेतलं. त्यांनी ते सोडलं. करंडा उचलला. माझ्या अंगठ्यातून अजून थोडं रक्त येत होतं, म्हणून मी करंगळीशेजारच्या बोटानं हळद घेतली, मग कुंकू घेतलं. वर्ष उलटून गेलं होतं त्या बोटाला कुंकू लागून. मी कार्ड टेबलावर दाबून धरलं. वरचा डावा कोपरा. वरचा उजवा. खालचा उजवा.

मग मी ते काकूंच्या पुढं धरलं.

काकू कार्डाकडे बघत होत्या. आबांनी घसा खाकरला. "काकू, वाईट वाटून घेऊ नगा. आक्का दुसरं कार्ड लावून देईल. मशीन चालू हायच, काढ गं शैला दुसरं."

मी हललेही नाही. हात पुढं केलेला तसाच ठेवला. मनात म्हणत होते, घ्या नाहीतर जा, पण लवकर काय ते करा, कारण माझा हात फार वेळ असा राहणार नाही.

काकूंनी कमरेला खोचलेला पदर सोडला, झटकला, नीट डोक्यावरून घेतला. त्याला माझ्या अंगठ्याचं रक्त लागलं होतं, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांनी कार्ड हातात घेतलं, नाकापाशी नेलं, पुन्हा लांब धरलं. मग ते परत माझ्यापुढं टेबलावर ठेवलं.

"अगं, एक कोपरा राह्यला की," त्या म्हणाल्या. "लाव."